मुंबईजवळ समुद्रकाठी राहायला जाताय? वसई, उत्तन, उलवे-उरण की अलिबाग

डिसेंबरातल्या रविवारी वसईतल्या भुईगावच्या किनाऱ्यावर, सुरूच्या सावलीत बसलं की इथेच घर घ्यावं असं कुणालाही वाटतं. त्या रविवारी ब्रोकरला फोन करू नका. घर निवडायचं ते जुलैतल्या एखाद्या मंगळवारासाठी. सकाळपासून धो-धो पाऊस आहे, गाड्या वीस मिनिटं उशिरा आहेत, पोराला ताप आहे, सोसायटीच्या टाकीत गढूळ पाणी आलंय आणि दोघांपैकी एकाला कामावर जाणं भाग आहे. तो दिवस जिथे निभेल, ते तुमचं उपनगर. समुद्र काय, चारही ठिकाणी तोच अरबी समुद्र आहे.

हा लेख लिहिताना डोळ्यासमोर आहे ते मुंबईत भाड्यानं राहणारं, तिशीतलं, दोन ते सहा वर्षांचं मूल असलेलं जोडपं. निवृत्तीनंतरचं घर किंवा वीकेंडचा बंगला हे वेगळे विषय आहेत, त्यांचे नियम इथे लागू करू नका.

पायरी १ : कामाच्या जागेपासून उलटं मोजत या

नकाशावर आधी ऑफिस टाका, मग पाळणाघर, मग घर. बहुतेक जण हे उलटं करतात आणि मग सहा महिन्यांनी पाळणाघरवाल्या काकूंना रोज संध्याकाळी फोन करून "आज अर्धा तास उशीर होईल" असं सांगत बसतात.

वेळ मोजायची ती दारापासून दारापर्यंत. चर्चगेट ते वसई रोड सुमारे ५२ किलोमीटर. जलद गाडीनं तास-सव्वा तास. पण वसईतलं समुद्राकडचं घर स्टेशनला लागून नाही. स्टेशनपासून वसई गाव आणि किल्ल्याची बाजू पाच ते सात किलोमीटरवर आहे. म्हणजे शेअर रिक्षा किंवा परिवहनची बस, तिची रांग, आणि पारनाक्याकडच्या रस्त्यावर संध्याकाळी होणारी कोंडी धरली तर पाऊण तास आणखी गेला. शिवाय वसईहून सुटणाऱ्या लोकल मोजक्याच, बाकी गाड्या विरारहून भरून येतात. बसायला मिळावं म्हणून सकाळी उलटं विरारला जाऊन तिथून बसून येणारे बरेच आहेत. तसं करणार असाल तर पास विरारपर्यंतचा काढा आणि तो वेळही हिशेबात धरा.

उलव्याचं गणित वेगळं. नेरूळ आणि बेलापूरहून निघणारी लाइन नोव्हेंबर २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत सुरू झाली. बामणडोंगरी आणि खारकोपर ही उलवेकरांची स्टेशनं. फक्त इथे हार्बरसारखी एक गेली की दुसरी हजर असं होत नाही. वेळापत्रक पाठ करावं लागतं आणि एक गाडी चुकली की बराच वेळ फलाटावर बसावं लागतं. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला खुला झाला, लांबी २१.८ किलोमीटर, पलीकडचं टोक शिवडी. सुरू झाला तेव्हा मोटारीचा टोल एका फेरीला २५० रुपये ठेवला होता. रोज जाऊन-येऊन करायचं तर आजचा टोल, परतीच्या फेरीची आणि पासची सवलत बघून महिन्याचा आकडा आधी कागदावर मांडा. तो आकडा आणि उलव्याचं भाडं यांची बेरीज चेंबूरच्या भाड्याच्या जवळ जाऊ लागली, तर मग उलवे कशासाठी?

एक नियम मी कुणालाही सांगतो. जे "होणार आहे" त्याची किंमत शून्य धरा. अलिबाग आणि उरण जोडणाऱ्या रेवस-करंजा पुलाची गोष्ट अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून ऐकतोय. भाईंदर ते नायगाव खाडीवरच्या पुलाचंही तसंच. अटल सेतूची कल्पना साठच्या दशकातली आणि पूल २०२४ चा; मधल्या काळात त्याच्या भरवशावर ज्यांनी घरं घेतली त्यांची मुलं आज नोकरीला लागली असतील. चालू असलेली गाडी, चालू असलेली बस, चालू असलेली बोट, एवढंच धरायचं.

पायरी २ : चार जागा, चार स्वभाव

वसई. मुंबईला लागून, लोकल असलेली आणि तरीही खरी हिरवी राहिलेली जागा म्हटलं तर ती वसईची पश्चिम. गास, निर्मळ, गिरीज, भुईगाव या भागात अजून वाड्या आहेत, केळी आहेत, विहिरी आहेत. ही हिरवाई आपोआप टिकलेली नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरच्या माणसांनी हरित वसईसाठी केलेलं आंदोलन त्यामागे आहे. त्यामुळे समुद्राकडच्या गावांत मोठ्या इमारती कमी आहेत आणि भाड्याचे फ्लॅट मिळतात ते मुख्यतः स्टेशन, माणिकपूर, पापडी, पारनाका या पट्ट्यात. नवख्या कुटुंबासाठी तेच बरं. घर पापडी-पारनाक्याकडे, आणि सुरुची बागेचा किंवा भुईगावचा किनारा स्कूटरवरून थोड्या अंतरावर. मराठी माध्यमाच्या आणि चर्चच्या जुन्या शाळा आहेत, बंगलीचं कार्डिनल ग्रेशस रुग्णालय आहे, वसई गावात महापालिकेचं सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे. फेब्रुवारी २०२४ पासून वसई किल्ल्याच्या जेट्टीवरून भाईंदरला रो-रो बोटही जाते, गाडीसकट.

मात्र "वसई" म्हणून दाखवली जाणारी प्रत्येक जागा ही वसई नाही. पूर्वेकडची नवी वसाहत, नालासोपारा, विरार, नायगाव या सगळ्यांची मिळून २००९ मध्ये एक महानगरपालिका झाली, म्हणून जाहिरातीत सगळंच वसई. महामार्गालगतच्या घरातून समुद्र गाठायला स्टेशनचा पूल ओलांडून तासभर लागतो. तिथे राहायचं तर स्वस्त म्हणून राहा, समुद्रकाठ म्हणून नको.

उत्तन. मीरा-भाईंदर महापालिकेत, पण स्वभावानं कोळीवाडा. चौक, पाली, डोंगरी ही गावं सुंदर आहेत. भाईंदर पश्चिमेहून बस येते. गोराई-मनोरीच्या बाजूनं खाडी ओलांडून बोरिवली किंवा मालाडला जाता येतं. भाड्याची चांगली घरं थोडी, मोठं रुग्णालय भाईंदरला, आणि डोंगरावरच्या घनकचरा प्रकल्पाचा वास वाऱ्याची दिशा बदलली की घरात येतो. बांबूच्या मांडवावर वाळणाऱ्या बोंबलांचा वास मात्र वेगळा. तो गावाच्या रोजीरोटीचा आहे. तो सहन होणार नसेल तर कोळीवाड्याशेजारी घर घेऊ नका. घेतल्यावर तक्रार करू नका. लहान मूल असलेल्या आणि दोघंही नोकरी करणाऱ्या घराला मी उत्तन सुचवणार नाही. घरून काम करणारं जोडपं असेल तर विचार करा.

उलवे-उरण. या दोन गोष्टी एकत्र बोलल्या जातात, पण राहण्याच्या दृष्टीनं वेगळ्या आहेत. उलवे हा सिडकोचा नोड, म्हणजे आखून वसवलेली वसाहत आहे. सरळ रस्ते, सेक्टर, नवे उंच टॉवर, आणि समुद्र म्हणाल तर खाडी आणि खारफुटी. वाळूचा किनारा नाही. नवी मुंबई विमानतळ शेजारी आहे, त्याचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि विमानं डिसेंबरअखेरीपासून उडू लागली. त्यामुळे घर बघायला जाल तेव्हा गॅलरीत दहा मिनिटं गप्प उभे राहा, तेही रात्री. बाळ झोपणार आहे त्या खोलीची खिडकी कुठे उघडते ते बघा. उरण हे जुनं गाव आहे. आगरी-कोळी वस्ती, पिरवाडीचा किनारा, मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच. ही लाँच ओहोटीच्या वेळी गाळामुळे अडते, हे उरणकर तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगतील. उरणचा खरा प्रश्न कंटेनरच्या ट्रेलरचा. १९८९ पासून जेएनपीटी बंदर इथे आहे आणि त्याची अवजड वाहतूक रस्त्यावर दिवसरात्र असते. स्कूटरवर मूल पुढे उभं करून बाजारात जायची सवय असेल तर ती इथे सोडावी लागेल.

अलिबाग. हे उपनगर नाही, जिल्ह्याचं गाव आहे. पण भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सुरू झाली ती १५ मार्च २०२० ला, आणि पाठोपाठ टाळेबंदी आली. घरून काम करणारी बरीच कुटुंबं तेव्हा इकडे वळली. रो-रोला साधारण तास लागतो, मांडव्याहून अलिबाग आणखी वीसेक किलोमीटर. गेटवेहून सुटणाऱ्या साध्या बोटी जून ते ऑगस्टअखेर बंद असतात. रो-रो पावसाळ्यात चालते, पण समुद्र खवळला की फेऱ्या रद्द होतात. मग उरतो वडखळचा रस्ता, त्याबद्दल न बोललेलं बरं. आठवड्यातून एकदाच मुंबई गाठायची असेल तर अलिबागसारखी जागा नाही. रोज जायचं असेल तर विषय इथेच संपला.

माझा कल लपवत नाही. पश्चिम रेल्वेवर किंवा बीकेसीत नोकरी असेल तर वसई पश्चिम. फोर्ट, शिवडी, बेलापूर, ऐरोली असं काही असेल तर उलवे.

पायरी ३ : जमिनीची उंची बघा

समुद्रकाठी सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे सखल जमिनीवरचं घर. दिव्यानं उजळलेली लॉबी बघून जमीन कळत नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी तुंबतं ते नुसत्या पावसानं नव्हे. मोठी भरती असते तेव्हा नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीखाली जातात, पावसाचं पाणी बाहेर पडू शकत नाही आणि उलटं आत सरकतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दुपारी जवळपास साडेचार मीटरची भरती होती. मुंबई महापालिका दर पावसाळ्याआधी साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीच्या दिवसांची यादी जाहीर करते. ती छापून फ्रिजवर चिकटवा, वसईत राहत असलात तरी. वेळ थोडी मागेपुढे होते इतकंच.

यादी हाताशी नसेल तर कोळ्यांचा हिशेब शिका. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावस्येला ते सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान येतं, दुपारी आणि रात्रीही. उधाण नेमकं याच दिवसांत. आता हे शाळेच्या वेळापत्रकावर ठेवून बघा. बालवाडी सुटते बारा-साडेबाराला. म्हणजे जुलै-ऑगस्टच्या अमावस्येला मूल आणायची वेळ आणि सर्वांत उंच भरतीची वेळ एकच. शाळा आणि घर यांच्या मध्ये नाला, रेल्वेचा भुयारी मार्ग किंवा सखल चौक असेल तर त्या दिवशी मूल आणणार कोण आणि कोणत्या वाटेनं, हे घर ठरवण्याआधी ठरवा.

सखल भाग ओळखायचे काही मार्ग आहेत. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं दिसतात. आज जिथे इमारत आहे तिथे वीस वर्षांपूर्वी मिठागर, खाजण किंवा खारफुटी होती का ते बघा. सातबाऱ्यावर जमिनीचा प्रकार असतो. जुनी गावठाणं बहुधा उंचवट्यावर वसलेली आहेत, कारण तेव्हा पंप नव्हते. गावठाणाला लागून असलेली इमारत आणि गावठाणापासून दूर, भराव टाकून उभी केलेली इमारत यांत पहिली घ्या, मग तिची लिफ्ट लहान का असेना. इमारतीचा रस्ता शेजारच्या रस्त्यापेक्षा खाली आहे का, तळमजल्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ आहे का, मीटरची पेटी मुद्दाम वर उचलून बसवली आहे का, हे सगळं दोन मिनिटांत दिसतं. आणि वॉचमनला विचारा. ब्रोकर समोर नसताना. "दोन हजार अठराला पाणी कुठपर्यंत आलं होतं?" १० जुलै २०१८ ला वसई-नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साठून पश्चिम रेल्वे ठप्प झाली, वसईच्या मिठागर वस्तीतली माणसं अडकून पडली आणि कित्येक भागांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. त्या आठवड्यात इमारतीची लिफ्ट आणि पाण्याचा पंप कसा चालला, हे इमारतीतल्या कुणालाही तोंडपाठ असतं.

वादळाचाही विचार करा, विशेषतः अलिबागसाठी. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ अलिबागच्या जवळच जमिनीवर आलं आणि रायगडच्या काही गावांत वीज यायला आठवडे लागले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याबाहेरून, समुद्रातून गेलं. इथे पत्र्याचं छत असलेलं बंगलीवजा घर भाड्यानं घेताना छत कशानं बांधलंय ते वर चढून बघा. शेजारचे माड घराच्या दिशेनं झुकलेत का तेही.

पायरी ४ : पाण्याची चौकशी, तीही आकड्यांत

"चोवीस तास पाणी" हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारा : नळाचं की टँकरचं? वसई-विरारला सूर्या प्रादेशिक योजनेतून पाणी वाढलं, पण एका इमारतीला रोज येतं आणि शेजारच्या इमारतीला एक दिवसाआड, असं आजही आहे. मागच्या एप्रिल-मेची सोसायटीची टँकरची बिलं मागा. सेक्रेटरी दाखवत नसेल तर तेही उत्तरच आहे. उलव्याला हेटवणे धरणाचं पाणी येतं. तिथेही सेक्टरनुसार दाब वेगळा, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या माणसाला विचारा.

समुद्रकाठची बोअर बहुधा मचूळ लागते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. घर बघायला जाताना खिशात ठेवा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. दुसरा कुठलाच स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. बोअरचं पाणी धुण्याभांड्याला वापरणार असलात तरी बाळाच्या अंघोळीला कोणतं वापरणार हे बघा. खाऱ्या पाण्यानं अंगाला खाज सुटते, गिझर दोन वर्षांत सडतो, आणि नळाच्या जाळीत क्षारांचे थर जमतात.

पायरी ५ : डॉक्टर आधी, शाळा मग

मुलांचे डॉक्टर दिवसा कुठेही मिळतात. तुम्हाला बघायचं आहे ते रात्री दोन वाजता उघडं असलेलं, नवजात किंवा लहान मुलासाठी अतिदक्षता विभाग असलेलं सगळ्यात जवळचं रुग्णालय. तिथपर्यंत रात्री एकदा स्वतः जाऊन या. वसईकरांना बंगली आणि आसपासची खासगी रुग्णालयं आहेत. उलवेकरांना बेलापूर-नेरूळ जवळ. आणि गंभीर प्रसंगी अटल सेतूवरून शिवडी आणि तिथून परळचं वाडिया बाल रुग्णालय ही मोठी जमेची बाजू आहे. अलिबागला जिल्हा रुग्णालय आणि २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी अवघड केस मुंबई किंवा नवी मुंबईला पाठवली जाते आणि पावसाळ्यात तो रस्त्यानं जाणारा प्रवास आहे. मुलाला दमा किंवा झटक्यांचा त्रास असेल तर अलिबाग आणि उत्तन यादीतून काढून टाका.

शाळेबद्दल दोनच गोष्टी. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे मुलाचं वर्ष कोणतं ते आधी मोजा आणि घर बदलायचा महिना त्यावर ठरवा. आणि शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागांसाठी अर्ज करणार असाल तर तिथे घरापासून शाळेचं अंतर मोजलं जातं आणि भाड्याच्या घरासाठी अर्जाच्या तारखेआधीचा नोंदणीकृत करार लागतो. नोटरीच्या कागदावर भागत नाही. खासगी शाळांच्या नर्सरीचे फॉर्म दिवाळीनंतर निघतात. तेव्हा तुम्ही अजून मुंबईत असलात तरी फॉर्म भरून ठेवा.

पायरी ६ : खारा वारा आणि इमारत

समुद्राला लागून घर हवं हा हट्ट सोडा. किनाऱ्यापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवरचं घर सगळ्यात सुखाचं. त्यापेक्षा जवळ गेलात की वारा हा घरातला न बोलावलेला पाहुणा होतो : एसीच्या बाहेरच्या युनिटची जाळी खातो, फ्रिजची मागची बाजू गंजवतो, स्कूटरची चेन, गॅसची शेगडी, लोखंडी ग्रिल, काहीच सोडत नाही. लोखंडी खिडक्यांच्या जागी पावडर कोटिंगची अॅल्युमिनियम स्लायडिंग आहे का बघा. कपाटाच्या मागची भिंत हात लावून बघा. लोणा लागलेला असेल तर रंगाचे पापुद्रे बोटाला येतात.

वीस-पंचवीस वर्षांच्या इमारतीत खांब आणि गॅलरीच्या खालची बाजू बघा. उभ्या भेगा आणि तांबूस डाग म्हणजे आतली सळई फुगायला लागली आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांपुढच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. अहवाल मागा. "करायचं आहे" असं उत्तर आलं तर दुरुस्तीची वर्गणी तुमच्या काळात येणार, हे धरून चाला.

पायरी ७ : कागद

भाड्यानं जाणाऱ्यांनी हा भाग चाळून पुढे जायला हरकत नाही, पण विकत घेणाऱ्यांनी थांबा.

वसई-विरार पट्ट्यात कागदांचा प्रश्न इतर कोणत्याही गोष्टीपेक्षा मोठा आहे. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ बेकायदा इमारती उभ्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडल्या गेल्या आणि हजारो माणसं रस्त्यावर आली. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एक बेकायदा चार मजली इमारत कोसळून १७ जण गेले. अशा इमारतींत लोक घरपट्टी भरत होते, वीजबिल भरत होते. घरपट्टीची पावती म्हणजे परवानगी नव्हे. महापालिका अनधिकृत बांधकामावरही कर लावते.

म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांची प्रत बिल्डरकडून घ्यायची आणि जावक क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात, किंवा उलव्याला सिडकोकडे, पडताळून घ्यायची. बनावट प्रमाणपत्रं या भागात निघालेली आहेत. चालू प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाका. मंजूर मजले किती, ताबा देण्याची तारीख कितीदा पुढे गेली, तक्रारी आहेत का, सगळं दिसतं. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागण्याचा बिल्डरला हक्क नाही. "कर्ज फक्त आमच्या ओळखीच्या संस्थेकडूनच होईल" असं कुणी म्हणालं की चहा पिऊन निघा. जुन्या फ्लॅटसाठी सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) काढा आणि मालकांची साखळी सलग आहे का ते वकिलाला दाखवा.

समुद्रकाठ म्हटला की किनारा नियमन क्षेत्र आलंच. सध्या १८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना लागू आहे. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची जमीन, खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतकी, जे कमी असेल तितकी पट्टी, या नियमांखाली येते आणि खारफुटीच्या मोठ्या पट्ट्याभोवती ५० मीटरचा राखीव भाग असतो. उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये खारफुटीच्या तोडीवर राज्यभर बंदी घातली आहे. खाडीकाठी "सी व्ह्यू" देणारी इमारत दिसली की नकाशात ती कुठे बसते ते आधी बघा.

उलव्यात जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असते. पुनर्विक्रीच्या वेळी सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं का, किती, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. अलिबागला "एक गुंठा, समुद्राजवळ" अशा जाहिराती भरपूर. ती शेतजमीन असेल तर खरेदीला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, आणि तो नसेल तर त्या गुंठ्याकडे बघूही नका. जाता जाता : घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. साठ लाखांच्या घरावर साठ हजार होतात.

पायरी ८ : आधी एक पावसाळा भाड्यानं

विकत घ्यायचं पक्कं असलं तरी अकरा महिन्यांचा करार करून राहा आणि तो मे महिन्यात सुरू करा, म्हणजे पाणीटंचाई आणि पाऊस दोन्ही करारात येतील. करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्रात ती जबाबदारी कायद्यानं घरमालकावर आहे. डिपॉझिटची रक्कम करारात लिहिलेली असू द्या आणि भिंतींचे, नळांचे फोटो पहिल्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा, कारण ओल आधीपासून होती की तुम्ही केलीत यावर शेवटी वाद होतोच.

या महिन्यांत शेजार जोडा. वसईत वाडवळ, कुपारी, कोळी, आगरी घरांच्या मध्ये तुम्ही पाहुणे आहात. नाताळात येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे बघायला जा, कार्तिकात निर्मळची जत्रा असते तिथे मूल घेऊन जा. भाजी स्टेशनवरून न घेता वाडीवरून येणाऱ्या मावशीकडून घ्या. पाणी येणार नाही, वीज जाणार आहे, शाळेला सुट्टी आहे, या बातम्या त्यांच्याकडे व्हॉट्सअॅप ग्रुपच्या आधी पोचतात.

आणि मुलांना किनाऱ्याचे नियम याच वर्षी लावा. जून ते सप्टेंबर पाण्यात पाय नाही. भरती लागलेली असताना वाळूच्या लांबच्या पट्ट्यावर जायचं नाही, मागून पाणी भरतं. अर्नाळा, वसईसारख्या खाडीच्या तोंडाजवळ पोहायचं नाही, ओढ जबरदस्त असते. किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असं धरू नका. वाळूत खेळायचं तर ओहोटीच्या वेळी : पौर्णिमा-अमावस्येला सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास वाळू मैलभर मोकळी असते.

पायरी ९ : सामान हलवताना

टेम्पोवाल्याला बोलावण्याआधी सोसायटीकडून ना-हरकत पत्र आणि सामान चढवायची वेळ लिहून घ्या. काही ठिकाणी रविवारी लिफ्ट देत नाहीत. भाडेकरूची पोलिस पडताळणी ऑनलाइन होते, ती त्याच आठवड्यात उरका. गॅस, आधारचा पत्ता, रेशनकार्ड आणि मतदार यादी बदलायला नोंदणीकृत कराराची प्रत पुरते, म्हणून चार-पाच झेरॉक्स काढून ठेवा. मुलाचं लसीकरण कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला टेम्पोत टाकू नका, पिशवीत स्वतःजवळ ठेवा. लाकडी कपाट किनाऱ्याकडच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. पंख्यांना आणि शेगडीच्या खालच्या बाजूला पावसाआधी तेलाचा हात फिरवा. आणि इन्व्हर्टर, तो पहिल्या पगारातच घ्या.